शल्यवैद्य लिस्टर

खेळताना पडून अथवा झाडावरून निसटून एखाद्याचे हाड मोडल्याचे तुम्ही पाहिले असेल. अशा वेळी मोडलेले हाड सरळ बसवतात, ते हलू नये असा बंदोबस्त करतात, आणि काही आठवड्यांत ते सांधून येते. परंतु कधी कधी हाड मोडते तेव्हा त्यावरील मांस आणि कातडीही फाटते. हाडाचे टोक जखमेतून बाहेर डोकावते, किंवा बाहेरची धूळ-माती थेट हाडापर्यंत जाऊन पोचते. पहिल्या प्रकारास बंद अस्थिभंग व दुसऱ्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. हाड मोडणे दोहोंत सारखेच. फरक एवढाच की, दुसऱ्या प्रकारात कातडीला वाट पडलेली असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ह्या एवढ्याशा फरकावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असे. बंद अस्थिभंग झालेला रोगी बहुधा घरी जाई. उघडा अस्थिभंग झालेल्या रोग्याची जखम मात्र दोन-चार दिवसांत सुजे, तीत पू होई, मांस कुजू लागे, ताप चढे आणि पुष्कळदा त्यातच त्याचा अंत होई. म्हणून जखम चिघळण्यापूर्वीच पाय कापून टाकावा, असा त्या काळच्या वैद्यांचा सल्ला असे. पण पाय कापला म्हणजे आणखी एक मोठी जखम होई, आणि तीही तशीच चिघळे!

असे का व्हावे, हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देईना, आणि ज्याने त्याचे उत्तर शोधून काढून असंख्य लोकांचे हातपाय व प्राण वाचविले, त्या जोसेफ लिस्टरची ही कथा आहे.

जोसेफ लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडात, लंडनजवळील अप्टन या गावी झाला. त्याचे घराणे क्वेकर पंथाचे होते. साधी राहणी, सत्य बोलणे आणि कष्टाची आवड ही त्या पंथाची शिकवण त्याला घरातच मिळाली. वडील द्राक्षमद्याचे व्यापारी होते. परंतु त्यांना विज्ञानाचा विलक्षण नाद होता. फावल्या वेळी ते भिंगे घासत, त्यांवर प्रयोग करीत. सूक्ष्मदर्शक यंत्राच्या भिंगांत त्यांनी मोठी सुधारणा घडवून आणली आणि त्याबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपल्यात सामावून घेतले. उघड्या डोळ्यांना दिसत नाही असेही एक जग आहे, ही गोष्ट छोट्या जोसेफला अशा रीतीने बालपणीच ठाऊक झाली. पुढे साऱ्या वैद्यांनी ज्या अदृश्य शत्रूला हसण्यावारी नेले, त्यावर लिस्टरचा चटकन विश्वास का बसला, याचे मूळ कदाचित वडिलांच्या त्या भिंगांत असावे.

जोसेफला चित्रे काढण्याची आणि लहान प्राण्यांचे सांगाडे जुळविण्याची हौस होती. आपण शल्यवैद्य व्हावयाचे, हे त्याने शाळेत असतानाच ठरविले होते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून तो १८४७ मध्ये पदवीधर झाला. पण त्याच सुमारास त्याच्यावर संकटे कोसळली. त्याचा एक भाऊ वारला, त्याला स्वतःला देवी आल्या, आणि पाठोपाठ त्याचे मनही खचून गेले. काही काळ त्याला अभ्यास सोडून विश्रांती घ्यावी लागली. त्यातून सावरून त्याने वैद्यकाचा अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि १८५२ मध्ये तो शल्यवैद्य झाला. पुढील वर्षी तो स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेला. तेथे जेम्स साइम नावाचे नामांकित शल्यवैद्य होते. त्यांच्या हाताखाली लिस्टरने काम शिकून घेतले. १८५६ मध्ये साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी त्याचा विवाह झाला. ॲग्नेस त्याच्या प्रयोगांत त्याला साहाय्य करी. त्याची टिपणे लिहून घेण्यात तिचे तासन् तास जात.

१८६० मध्ये लिस्टरची ग्लासगो विद्यापीठात शल्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, आणि पुढच्या वर्षी तेथील रॉयल इन्फर्मरी या मोठ्या रुग्णालयात त्याच्याकडे रोगी सोपविण्यात आले. ग्लासगो हे त्या वेळी कारखान्यांचे शहर होते. ओतशाळा, गिरण्या, जहाजे बांधण्याच्या गोद्या यांनी ते गजबजलेले होते. रस्त्यांवरून मालाच्या जड गाड्या दिवसभर धावत. त्यामुळे यंत्रात सापडलेले, उंचावरून पडलेले, गाडीखाली आलेले लोक रुग्णालयात रोज येत. त्यांत मजूर असत, तशीच लहान मुलेही असत.

त्या काळची शस्त्रक्रिया कशी असे, याची आज कल्पनाही करवत नाही. १८४६ पासून ईथर नावाच्या औषधाने रोग्यास भूल देता येऊ लागली होती, त्यामुळे शस्त्रक्रियेतील वेदना टळल्या होत्या. परंतु वेदना टळल्या, तरी मरण टळले नव्हते. शल्यवैद्य जुना, रक्ताचे डाग पडून कडक झालेला कोट अंगात चढवून शस्त्रक्रिया करीत. एका रोग्याच्या जखमेला लावलेले हात नीट न धुताच दुसऱ्याच्या जखमेला लावीत. हत्यारे कामापुरती पुसून ठेवीत. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्यात काही चूक आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. उलट जखमेतून दाट पांढरा पू येऊ लागला, म्हणजे जखम बरी होण्याच्या मार्गास लागली, असे पुष्कळ वैद्य समजत.

जखमा का कुजतात, या प्रश्नाचे त्या वेळी एक ठरीव उत्तर होते. रुग्णालयातील हवा दूषित असते, आणि ती हवा जखमेत शिरून मांस कुजविते, असे मानले जाई. ग्लासगोच्या रुग्णालयात तर हे खरेच वाटावे अशी स्थिती होती. लिस्टरच्या खालच्या मजल्यावरील कक्षांस लागून असलेल्या जमिनीत, अगदी वरच्या थरात, १८४९ मधील पटकीच्या साथीत मेलेल्या लोकांच्या शवपेट्या पुरलेल्या होत्या. लिस्टरने खिडक्या उघड्या ठेवविल्या, स्वच्छता वाढविली. तरीही जखमा कुजतच राहिल्या.

लिस्टर रोज आपल्या रोग्यांच्या खाटांपाशी उभा राही आणि विचार करी. बंद अस्थिभंगातही आतले मांस ठेचलेले असते, रक्त साकळलेले असते. मग ते का कुजत नाही? रोग्याने श्वासावाटे घेतलेली हवा तर रक्तातून साऱ्या शरीरात खेळते. मग केवळ हवेनेच मांस कुजत असते, तर आतले मांसही कुजावयास हवे होते. याचा अर्थ, कातडीच्या त्या भोकावाटे हवेखेरीज आणखी काहीतरी आत शिरत असले पाहिजे. ते काय असावे?

१८६५ च्या सुमारास या प्रश्नावर अकस्मात प्रकाश पडला. ग्लासगो विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस अँडरसन यांनी लिस्टरचे लक्ष लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लेखांकडे वेधले. पाश्चर हा वैद्य नव्हता. दूध का नासते, द्राक्षरस का आंबतो, मांसाचा रस्सा का कुजतो, याचा तो शोध घेत होता. त्याने प्रयोगांनी असे सिद्ध केले होते की, हे नासणे-कुजणे आपोआप होत नाही, आणि नुसत्या हवेनेही होत नाही. हवेतील धुळीबरोबर अतिसूक्ष्म सजीव, म्हणजे जंतू, आत पडतात व ते वाढले की पदार्थ कुजतो. उकळलेला रस्सा लांब, वाकड्या मानेच्या काचपात्रात ठेवला, तर हवा आत जाते, पण धूळ मानेतच अडकते; आणि तो रस्सा महिनोन् महिने चांगला राहतो.

हे वाचताच लिस्टरच्या मनातील कोडे उलगडले. जे रश्शाचे होते तेच जखमेचेही होत असले पाहिजे! कातडी अभंग असते तोवर जंतूंना आत शिरता येत नाही. कातडी फाटली की त्यांना दार उघडे होते. तेव्हा जखम बरी करावयाची, तर हवा अडवून भागणार नाही. जंतूंना मारले पाहिजे. उष्णतेने जंतू मरतात, हे पाश्चरने दाखविले होते. परंतु जिवंत माणसाचे मांस उकळणे शक्य नव्हते. मग दुसरा उपाय एकच उरला. जंतूंना मारील, पण माणसाला फारशी इजा करणार नाही, असे एखादे रसायन हवे होते.

त्या सुमारास इंग्लंडातील कार्लाइल या गावी गटारांच्या सांडपाण्यात कार्बॉलिक ॲसिड नावाचे रसायन मिसळीत असत. हे रसायन त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरापासून काढीत. त्यामुळे सांडपाण्याची दुर्गंधी तर नाहीशी झालीच, पण ज्या कुरणांत ते पाणी सोडले जाई तेथे चरणाऱ्या गुरांना होणारा एक रोगही थांबला, असे लिस्टरच्या वाचनात आले. जे रसायन गटारातले कुजणे थांबविते, ते जखमेतले कुजणे का थांबविणार नाही, असे त्याच्या मनात आले.

हा प्रयोग त्याने उघड्या अस्थिभंगावरच करावयाचे ठरविले. मार्च १८६५ मध्ये त्याने एका रोग्यावर पहिला प्रयत्न केला. पण तो फसला. आपल्याच उपचारांत काही उणीव राहिली, असे त्याने मोकळेपणाने मान्य केले. त्याने हार मानली नाही. पुन्हा तशी संधी येण्याची वाट पाहत तो राहिला.

ती संधी १२ ऑगस्ट १८६५ रोजी आली. त्या दिवशी जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला रुग्णालयात आणण्यात आले. तो तुमच्याच वयाचा होता. एका रिकाम्या गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते. गुडघ्याखालच्या नळीचे हाड मोडले होते आणि तेथे दीड इंच लांब व पाऊण इंच रुंद अशी जखम झाली होती. जखम दिसावयास मोठी नव्हती; पण ती थेट मोडलेल्या हाडापर्यंत गेली होती. असल्या जखमांचा शेवट कसा होतो, हे त्या रुग्णालयात सर्वांना ठाऊक होते.

लिस्टरने पाय कापला नाही. कार्बॉलिक ॲसिडात भिजविलेली मऊ कापडाची घडी त्याने जखमेवर बसविली. हाड सरळ करून पायाच्या दोन्ही बाजूंस गादी लावलेल्या फळ्या बांधविल्या. आता काही दिवस जखम उघडावयाची नव्हती.

एक दिवस गेला, दुसरा गेला. एरवी ह्याच दिवसांत ताप चढे आणि कक्षात कुजलेल्या मांसाची दुर्गंधी पसरे. चौथ्या दिवशी लिस्टरने जखम उघडली. तीत पू नव्हता. कुजल्याचा वास नव्हता. वास होता तो केवळ कार्बॉलिक ॲसिडाचा. जखमेभोवतीची कातडी मात्र लाल झाली होती. पण लिस्टरने बारकाईने पाहिले, तेव्हा ती लाली जंतूंची नसून तीव्र औषधाने कातडी पोळल्याची आहे, असे त्याच्या ध्यानात आले. म्हणून त्याने पुढे ते औषध पाण्यात मिसळून सौम्य केले. नंतर ते ऑलिव्हच्या तेलात मिसळून लावले. दिवसामागून दिवस जखम भरत आली. सहा आठवड्यांनी फळ्या काढून पाहिले, तो हाड पक्के सांधले होते. त्यानंतर दोनच दिवसांनी जेम्सला रुग्णालयातून घरी जाण्याची परवानगी मिळाली. गाडीखाली सापडलेला त्याचा पाय पुन्हा धड झाला होता.

तुम्हांला वाटेल की, आता लिस्टरने आपला शोध लगेच जगाला सांगितला असेल. पण त्याने तसे केले नाही. एक मुलगा बरा झाला म्हणजे उपाय सिद्ध झाला, असे नव्हे; तो सुदैवानेही बरा झाला असेल. लिस्टर थांबला, आणि येणाऱ्या प्रत्येक उघड्या अस्थिभंगावर तोच उपाय अधिक काळजीपूर्वक करू लागला. १८६६ च्या मे महिन्यात ओतशाळेतील एका तरुण कामगाराच्या पायावर वाळूच्या साच्याची सुमारे सहाशे किलो वजनाची पेटी चार फूट उंचीवरून कोसळली. हाडाचा चुरा झाला, मांस ठेचले गेले. असा पाय वाचविण्याचा विचारही दुसऱ्या कोणी केला नसता. लिस्टरने तो वाचविला.

दोन वर्षे अशी गेल्यावर १८६७ मध्ये त्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपली हकीकत प्रसिद्ध केली. तीत अकरा रोग्यांचा वृत्तान्त होता. त्यांपैकी नऊ जण हातपाय शाबूत राहून बरे झाले, एकाचा अवयव कापावा लागला आणि एक दगावला. लिस्टरने यशाबरोबर अपयशही लिहिले, ते का आले हेही लिहिले. खऱ्या शास्त्रज्ञाची ही खूण आहे. जो आपले अपयश झाकतो, त्याच्या यशावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

हळूहळू लिस्टरच्या कक्षांचे रूप पालटले. शस्त्रक्रियेपूर्वी वैद्यांनी कार्बॉलिक ॲसिडाच्या पाण्यात हात धुवावे, हत्यारे त्यात बुडवून ठेवावी, जखमेवरील पट्ट्या त्यात भिजवाव्या, असा त्याने नियम केला. रक्तवाहिन्या बांधण्यासाठी पूर्वी वापरीत त्या दोऱ्यांची टोके जखमेबाहेर लोंबत ठेवावी लागत, आणि त्यांच्या वाटेने जंतू आत शिरत. लिस्टरने मेंढीच्या आतड्यापासून केलेला दोरा जंतुविरहित करून वापरला. तो शरीरातच विरघळून जाई, आणि वरची जखम पूर्ण बंद करता येई. या साऱ्याचा परिणाम आकड्यांतच पाहा. ही पद्धत सुरू होण्यापूर्वीच्या दोन वर्षांत, म्हणजे १८६४ व १८६६ मध्ये, लिस्टरने हात किंवा पाय कापलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. १८६७ ते १८६९ या काळात अशा ४० रोग्यांपैकी फक्त ६ दगावले.

इतके असूनही लिस्टरचे म्हणणे सर्वांना एकदम पटले नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास कसा ठेवावा, असे अनेकांना वाटे. काहींनी हे औषध पूर्वीही वापरले गेले होते, यात नवे काय, असा आक्षेप घेतला. लिस्टरने ते औषध आपण शोधल्याचा दावा कधीच केला नव्हता. जंतूंना जखमेपासून दूर ठेवण्याचे तत्त्व आणि त्याची शिस्तशीर रीत ही त्याची देणगी होती. कित्येकांनी अर्धवट काळजी घेऊन उपाय करून पाहिला, आणि तो फसल्यावर दोष लिस्टरला दिला. हे पाहून वीस वर्षांपूर्वीची आणखी एक गोष्ट आठवते. व्हिएन्ना येथील इग्नात्स सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ मध्ये हात औषधी पाण्याने धुण्याची सक्ती करून बाळंतिणींचे प्राण वाचविले होते. पण लोकांनी त्याचे ऐकले नाही, आणि तो उपेक्षेतच मरण पावला. लिस्टरच्या वाट्यालाही उपेक्षा आली. पण तो वादांत गुंतला नाही. शांतपणे काम करावे आणि बऱ्या झालेल्या रोग्यांकडे बोट दाखवावे, हाच त्याचा युक्तिवाद होता.

१८६९ मध्ये तो पुन्हा एडिंबरोस गेला आणि आपल्या सासऱ्यांच्या जागी प्राध्यापक झाला. तेथील त्याची एक आठवण सांगतात. गुडघ्याला गळू झालेली एक लहान मुलगी त्याच्या उपचाराखाली होती. पट्टी बांधून झाल्यावर तिने मुकाट्याने आपली बाहुली पुढे केली. बाहुलीचा एक पाय निखळला होता. लिस्टरने हसण्यावारी न नेता सुई-दोरा मागविला, आणि तो पाय नीट शिवून बाहुली तिच्या हाती परत दिली. बाहुलीचा पायही ज्याला तुच्छ वाटला नाही, त्याला गरीब मजुराचा पाय किती मोलाचा वाटत असेल!

जर्मनीतील शल्यवैद्यांनी लिस्टरची पद्धत लवकर उचलली. इंग्लंडची राजधानी मात्र अजून साशंक होती. १८७७ मध्ये लिस्टरने लंडनच्या किंग्ज कॉलेजात जाण्याचे पत्करले. तेथे गेल्यावर त्याने मोठे धाडस केले. एका रोग्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. परंतु वरची कातडी अभंग होती. लिस्टरने ती कातडी स्वतः कापली, सांधा उघडला आणि फुटलेल्या वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेने जोडले. ज्या उघड्या जखमेला सारे वैद्य भीत असत, ती त्याने बुद्ध्याच केली होती! रोगी मेला, तर लिस्टरवर खटला भरावयास हवा, असेही काही जण बोलले. पण जखम स्वच्छ भरून आली, आणि त्या माणसाचा पाय पुन्हा कामाचा झाला. त्यानंतर लंडनमधील विरोध हळूहळू मावळला.

लिस्टरच्या थोरवीचा आणखी एक पैलू तुम्ही ध्यानात घ्यावा. हवेतील जंतूच जखमेचे मोठे शत्रू आहेत, असे समजून त्याने कित्येक वर्षे शस्त्रक्रियेच्या वेळी कार्बॉलिक ॲसिडाचा फवारा हवेत उडविण्याची प्रथा पाळली होती. त्या फवाऱ्याने वैद्यांचे हात व डोळे चुरचुरत. पुढे त्याला आढळून आले की, हवेपेक्षा हात, हत्यारे व कापड यांवरचे जंतूच अधिक घातक असतात. तेव्हा १८९० मध्ये त्याने तो फवारा सोडून दिल्याचे जाहीर केले, आणि आपण तो इतकी वर्षे वापरला याचा खेद वाटतो, असे भर सभेत कबूल केले. कीर्तीच्या शिखरावर असताना आपली चूक चारचौघांत कबूल करावयास मोठे मन लागते.

मानसन्मान त्याच्याकडे आपण होऊन चालत आले. १८८३ मध्ये त्याला सरदारकीचा किताब मिळाला, आणि १८९७ मध्ये तो लॉर्ड लिस्टर झाला. १८९५ ते १९०० अशी पाच वर्षे तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होता. परंतु या सर्वांहून त्याला प्रिय असा प्रसंग १८९२ मध्ये पॅरिस येथे घडला असेल. पाश्चरच्या सत्तराव्या वाढदिवसाचा तो सोहळा होता. लिस्टरने भरसभेत शल्यशास्त्रावरील पाश्चरचे ऋण मान्य केले, तेव्हा वृद्ध व दुर्बल झालेला पाश्चर पुढे आला आणि त्याने लिस्टरला मिठी मारली. एकाने जंतू दाखविले होते, दुसऱ्याने त्यांच्यापासून माणसाला वाचविले होते.

पुढल्याच वर्षी ॲग्नेस मरण पावली. त्यांना मूलबाळ नव्हते. सदतीस वर्षांची सोबत सुटल्यावर लिस्टर एकाकी झाला आणि रोग्यांवर उपचार करण्याच्या कामातून हळूहळू निवृत्त झाला. १० फेब्रुवारी १९१२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वॉल्मर या समुद्रकाठच्या गावी त्याचे देहावसान झाले.

शास्त्र लिस्टरपाशी थांबले नाही, हे सांगावयास हवे. कार्बॉलिक ॲसिड जंतूंबरोबर माणसाच्या मांसालाही पोळते, म्हणून जखमांवर लावण्याचे ते औषध मागे पडले. शस्त्रक्रियेची हत्यारे व कपडे वाफेने जंतुरहित करण्याची पद्धत आली; जंतू आत शिरल्यावर त्यांना मारण्यापेक्षा त्यांना आत शिरूच न देणे बरे, हे वैद्यांना उमगले. विसाव्या शतकात पेनिसिलिनसारखी जंतुनाशक औषधे मिळाली. आज उघड्या अस्थिभंगाचा रोगी येताच त्याला असे औषध देतात, जखम भरपूर पाण्याने धुतात, मेलेले मांस काढून टाकतात आणि हाड पक्के बसवितात. उपाय बदलले, परंतु मोडलेल्या हाडाइतकीच, किंबहुना अधिक, काळजी जखमेच्या स्वच्छतेची घ्यावयाची, हा लिस्टरचा धडा बदललेला नाही.

पुढच्या वेळी गुडघा खरचटेल आणि आई तो आधी स्वच्छ पाण्याने धुवावयास सांगेल, तेव्हा कंटाळा करू नका. त्या साध्या सांगण्यामागे एका माणसाची अनेक वर्षांची तपश्चर्या आहे. इतर सर्वांनी जे दैवाचे म्हणून सोडून दिले होते, ते त्याने सोडून दिले नाही. अकरा वर्षांचा एक मुलगा स्वतःच्या पायांनी घरी परतला, तो त्या तपश्चर्येचे पहिले फळ होता.